अठरावा कागद

माझं काम तपासायचं नाही, सांगायचं.
कोल्हापुरात जिल्हा परिषदेच्या दुसऱ्या मजल्यावर
माझ्या टेबलावर पाटी आहे: माहिती, शिक्षण, संवाद.
शेवटचा शब्द पंख्याच्या वाऱ्यानं सारखा सुटतो,
मी चिकटपट्टी लावतो.

काळम्मावाडीच्या फुगवट्यापलीकडं
सोळा घरांचा धनगरवाडा.
धरण झालं तेव्हा खालचं गाव उठलं.
हे वर होते, यांना कुणी उठवलं नाही.
पाणी चढत आलं, तीन बाजूंनी थांबलं,
चौथ्या बाजूला गव्यांचं रान.
नकाशावर ते बेट नाही.
नावेत बसल्यावर आहे.

यंदाच्या खेपेला डॉक्टर शिरगुप्पे, दोन सिस्टर,
तंत्रज्ञ, थंडपेटी, बॅनर,
आणि मी, गळ्यात कॅमेरा, मांडीवर भोंगा.
नावाडी बिरू म्हणाला,
'भोंगा नगं सायेब, म्हशी बुजत्यात.'

मी वाजवला.
मोफत आरोग्य तपासणी शिबिर,
सर्व लाभार्थ्यांनी लाभ घ्यावा.
म्हशी बुजल्या. दारं मिटली.
एक कुत्रं तेवढं लाभ घ्यायला आलं.

ठकूबाई झोरेनं पाणी दिलं, बसायला घोंगडं दिलं.
हात दिला नाही.
सिस्टर सुई घेऊन वाकली तसा पदराखाली घेतला.
'गेल्या साली रगात न्हेलासा.
एकतीस जनांचं. बाटल्या मोजल्यात मी.
त्येचं काय झालं?'

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. तंत्रज्ञानं पेटीकडं.
'मोबाईलवर मेसेज आला असेल, आजी.'
ती आत गेली, दिवळीतला मोबाईल घेऊन आली.
बंद.
'सुनंचा हाय. डोंगरावर जाऊन लावायची ती.
आता कोन जातंय.'

मला कळलं नाही.
मी पालेभाजीचं पोस्टर उलगडत होतो.
त्यातली बाई गुबगुबीत, गॅसच्या शेगडीपुढं हसत उभी.
'ही कुनाची ओ?' ठकूबाईनं विचारलं,
खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून.

तपासणी: शून्य.
प्रसिद्धीपत्रक मी जातानाच नावेत लिहून ठेवलेलं:
उत्स्फूर्त प्रतिसाद.
छापूनही आलं, चौथ्या पानावर,
गेल्या सालच्या फोटोसह.

फोटो मग नीट पाहिला.
बॅनरची डावी दोरी धरून एक पोरगी,
ओठ कागदासारखे, पोट जरा पुढं.
खालची ओळ माझीच:
लाभार्थी महिलांच्या चेहऱ्यावर समाधान.

सीपीआरच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या तळाशी
एकतीस कागद सापडले.
रबरबँड वितळून चिकटलेला.
सतरावा: सगुणा बिरू झोरे, वय बावीस, गरोदर.
हिमोग्लोबिन चार पूर्णांक आठ.
लाल शाईत शेरा, तातडीने संपर्क साधावा.
मेसेज त्याच दिवशी गेला होता.
'पाठवला' अशी खूण होती.
'पोचला' अशी नव्हती.

पुढच्या खेपेला भोंगा नेला नाही, कॅमेराही नाही.
बिरूनं का म्हणून विचारलं नाही.
सबंध पाण्यावर मला त्याची पाठ दिसत होती.

अंगणात बसून एकेक कागद वाचला.
नाव, आकडा, आकड्याचा अर्थ.
येसू बोडकेला साखर निघाली तशी पोरं खिदळली,
'चा तर बिनसाखरंचा पितोय की ह्यो!'
पारूबाईचं सगळं ठीक, तर ती रुसली.
सोळा झाले.
सतरावा मी मांडीखाली सरकवला.

'वाच,' ठकूबाई म्हणाली.
'आजी, तो...'
'समद्यांम्होरं वाच.
तिचं बी न्हेलं व्हतं न्हवं?'

वाचला. लाल शेऱ्यासकट.
खाली काठावर बिरू
नावेची दोरी सोडत होता, बांधत होता.
कुणी काही बोललं नाही.
गोठ्यात एक रेडकू ढुशी देत राहिलं.

'म्होरं?' ठकूबाई म्हणाली.

अठरावा कागद तिचाच होता.